वाराचे तेहिलिम

आपल्या समाजात रोज तेहिलिम वाचणारी घरे अजून पुष्कळ आहेत. १५० स्तोत्रांची वाटणी आठवड्याच्या सात दिवसांत होते, तशी हिब्रू महिन्याच्या ३० दिवसांतही होते. ज्यांना इतका वेळ नाही, त्यांच्यासाठी सकाळच्या तफिलात वाराचे स्तोत्र आहेच: रविवारी २४वे, सोमवारी ४८वे, मंगळवारी ८२वे, बुधवारी ९४वे, गुरुवारी ८१वे, शुक्रवारी ९३वे आणि शब्बाथला ९२वे. यरुशलेमच्या मंदिरात लेवी हीच स्तोत्रे त्या त्या दिवशी गात, असे मिश्नात सांगितले आहे.

कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आपल्या पूर्वजांना फक्त शेमा तोंडपाठ राहिला होता, असे परंपरा सांगते. पुढे हिब्रू शिकण्याची वाट मराठीतूनच निघाली. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत बेने इस्राएलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. नंतर जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली. उच्चार हिब्रूत आणि अर्थ मायबोलीत, ही सवय आमच्या घरी अश्दोदला आल्यावरही मोडली नाही. नातवंडे भराभर वाचतात, पण जुन्या हिब्रूतले काही शब्द त्यांनाही अडतात. मग अर्थ आम्ही मराठीत सांगतो.

अशा वाचनातून मार्ग कसा दिसतो, याचा एक अनुभव सांगतो. रेवदंड्याजवळचे आमचे वडिलोपार्जित घर आणि नारळाची वाडी विकायची ठरली. आम्ही सगळे इस्राएलला निघून आलो, तेव्हा बाबांची मावसबहीण तिथेच राहिली. आम्ही तिला आत्या म्हणतो. तिने घर झाडले, माडांना पाणी घातले, दर शब्बाथला दिवा लावला. सातबाऱ्यावर मात्र तिचे नाव नाही. कायद्याने तिला काहीच मिळत नव्हते. तीन आठवडे भावंडांचे फोन चालले होते.

अशातच मंगळवार आला. ८२व्या स्तोत्रात देव न्याय करणाऱ्यांच्या सभेत उभा राहून जाब विचारतो आणि दुबळ्यांना, पोरक्यांना न्याय द्या म्हणून सांगतो. न्यायाधीश म्हटले की काळ्या डगल्यातला कोर्टातला माणूस डोळ्यांसमोर येतो. त्या दिवशी फोनभोवती बसलेले आम्ही सगळेच न्यायाधीश होतो. आत्याला बरोबरीचा वाटा द्यावा, असे आम्ही त्याच संध्याकाळी सुचवले. दोघे लगेच कबूल झाले. एक भाऊ अजून बोलत नाही. त्याचा वाटा त्याला पुरा दिला आणि आत्याचा आम्ही तिघांनी आपल्यातून काढला.

काहीजण अडचणीच्या वेळी डोळे मिटून शास्त्र उघडतात आणि बोट पडेल ते वचन कौल मानतात. आम्हाला ठरलेला क्रमच बरा वाटतो. निवड आमच्या हाती असती, तर त्या मंगळवारी आम्ही मनाला धीर देणारे २३वे वाचले असते आणि निजलो असतो. क्रमाने वाचताना नको असलेला प्रश्नही समोर येतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी शुक्रवारपासून करावे. ९३वे स्तोत्र अवघ्या पाच वचनांचे आहे. मुलांनी हिब्रूत वाचावे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी अर्थ मराठीत सांगावा. मराठीत अर्थ सांगणारी माणसे आता घरोघरी राहिलेली नाहीत. ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी उशीर करू नये.