उतारशाळेंतील जागा

सणांचा आनंद सर्वांस ठाऊक आहे. सणांचा जुलूम मात्र ज्याच्यावर होतो त्यालाच समजतो. घरांत दुःख घडून गेलेलें असावें, अंगांत काडीचें त्राण नसावें, आणि नेमके त्याच वेळीं साऱ्या गल्लींत दिवे लागावे, ह्यासारखा विसंवाद दुसरा नाहीं. एरवीं थकलेल्या मनुष्यास थकण्याची मोकळीक असते. सणाच्या दिवशीं तीहि काढून घेण्यांत येते. माझी पत्नी निवर्तली त्या वर्षींची दिवाळी मला अशी गेली. शुभेच्छा देणारांचा हेतु चांगला होता ह्यांत शंका नाहीं. परंतु प्रत्येक शुभेच्छेबरोबर आनंदी होण्याचें एक नवें कर्तव्य माझ्या अंगावर पडत होतें.

नाताळ हा सण आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळीस प्रथम पुस्तकांतूनच भेटतो. डिकन्सची १८४३ सालीं प्रसिद्ध झालेली नाताळची गोष्ट मीं वर्गांत किती वेळां शिकविली असेल ह्याची गणना नाहीं. तिच्यामुळें नाताळ म्हटला कीं धगधगती शेगडी, वाफाळणारें पुडिंग आणि खिडकीबाहेर पडणारें बर्फ हींच डोळ्यांपुढें उभीं राहतात. हा भरल्या घराचा सण आहे असें कोणासहि वाटावें. पण मूळ कथा लूकच्या शुभवर्तमानांत वाचली म्हणजे निराळेंच चित्र दिसतें.

रोमन बादशहाच्या हुकुमाप्रमाणें नांवनोंदणीसाठीं योसेफ आणि त्याची वाग्दत्त वधू मरिया हीं नासरेथाहून बेथलेहेमास आलीं. मरिया गरोदर, आणि वाट लांबची. मुक्कामाच्या गांवीं उतारशाळेंत त्यांना जागा नव्हती; म्हणून नवजात बालकास गव्हाणींत निजवावें लागलें. ही वार्ता प्रथम कोणास कळली? राजास नाहीं, पुरोहितास नाहीं. रात्रीं उघड्या रानांत कळप राखीत जागणाऱ्या मेंढपाळांस. ज्यांना सुटी नव्हती त्यांनाच सणाचें पहिलें आमंत्रण मिळालें. ह्या कथेंत सुखवस्तु मनुष्य शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. सांपडतात तीं सारीं दमलेलीं माणसें.

ख्रिस्ती समाजांनीं ही आठवण देशोदेशीं निरनिराळ्या रीतीनें जतन केली आहे. मेक्सिकोंत १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ संध्याकाळीं पोसादांचा उत्सव होतो. पोसादा म्हणजे उतारशाळा. मंडळी मिरवणुकीनें दारोदार जाऊन गाण्यांतून आसरा मागतात, आंतले लोक गाण्यांतूनच नकार देतात, आणि अखेर एक दार उघडून सर्वांस आंत घेतलें जातें. पोलंडांत २४ तारखेच्या रात्रीं मेजावर एक ताट जास्त मांडतात, तें अकल्पित येणाऱ्या पाहुण्याचें. अलीकडे इंग्लंड-अमेरिकेंतील कित्येक चर्चांत २१ डिसेंबरच्या सुमारास, तिकडील वर्षांतल्या सर्वांत मोठ्या रात्रीं, शोकग्रस्तांसाठीं वेगळी उपासना होते. 'निळा नाताळ' असेंहि तिला म्हणतात. तेथें उल्हासाचा आग्रह नसतो. मेणबत्त्या लावाव्या, स्तब्ध बसावें, रडूं आलें तर रडावें. पाश्चात्य चर्चच्या जुन्या पंचांगांत हाच दिवस संत थोमाचा होता. पुनरुत्थानाची वार्ता ऐकून ज्यानें शंका घेतली तोच हा शिष्य. संशयानें थकलेल्यांसहि तेथें जागा आहे.

महाराष्ट्रास ह्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. पंडिता रमाबाईंनीं ऐन तारुण्यांत दुष्काळापायीं आईबाप आणि बहीण गमावलीं होतीं. भुकेनें पाय कसे अडखळतात हें त्या पुस्तकांतून शिकल्या नव्हत्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि सुमारें तीनशें निराधार मुलींस व विधवांस घेऊन आल्या. त्यांच्यासाठीं केडगांवीं जें मुक्तिसदन उभें राहिलें त्याचें कार्य आजहि चालू आहे. मात्र त्यापूर्वीं, रमाबाईंच्या शारदासदनांतील कांहीं मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे दिसल्यावरून, १८९३ सालीं पुण्यांत मोठें वादळ उठलें होतें. आश्रयाच्या मागें धर्मांतराचा हेतु असतो काय, हा प्रश्न अजूनहि विचारला जातो, आणि तो रास्त आहे. ज्या स्वागताची किंमत मागाहून वसूल करावयाची असते त्याला सौदा म्हणावें. त्या जुन्या वादाचा निकाल येथें लावण्याचा माझा विचार नाहीं. एका घरीं मला काय दिसलें तेवढेंच सांगतों.

पत्नीच्या मागें आलेल्या पहिल्या नाताळांत आमच्या महाविद्यालयांतील एक ख्रिस्ती सहकारी मला म्हणाले, "सर, चोवीस तारखेस रात्रीं आमच्याकडे जेवावयास या. घरांत गर्दी असेल. कोणाशीं बोललां नाहींत तरी चालेल." ह्या शेवटच्या वाक्यामुळेंच मी गेलों. दाराशीं कागदाची चांदणी लावली होती, आणि आंत आपल्या दिवाळीसारख्याच करंज्या-चकल्या होत्या. कोणी माझें सांत्वन केलें नाहीं. सहकाऱ्यांच्या मातुश्रींनीं मला एका खुर्चीवर बसविलें, आणि घरांतल्या बायका कामांत गुंतलेल्या पाहून चार महिन्यांचा पणतू माझ्या मांडीवर ठेविला. "जरा धरा हो ह्याला," एवढेंच त्या म्हणाल्या. मूल झोपीं गेलें, आणि त्यास जाग येऊं नये म्हणून मी तासभर हललों नाहीं. कित्येक महिन्यांत प्रथमच कोणाला तरी माझी गरज लागली होती. मंडळी मध्यरात्रीच्या उपासनेस निघालीं तेव्हां सहकारी म्हणाले, "यावयाचें असल्यास जागा आहे, नसल्यास घरीं सोडतों." मी घरीं गेलों. पुढें त्यांच्या स्नेहांत तिळभरहि उणें आलें नाहीं.

आशा म्हटली कीं कोणी पराक्रमी पुरुष येऊन संकट दूर करील अशी आपली कल्पना असते. बेथलेहेमच्या कथेंत ती तान्ह्या बालकाच्या रूपानें येते. त्याला बोलतां येत नाहीं, धीर देतां येत नाहीं. त्यालाच कोणी तरी उचलून घ्यावें लागतें. देवच निराश्रित होऊन माणसांच्या दाराशीं आला अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. ती श्रद्धा माझी नव्हे. पण तींतील मर्म मला त्या खुर्चीवर समजलें. दुसऱ्याचें दुःख कोणासहि वांटून घेतां येत नाहीं, आणि उद्यां सर्व ठीक होईल असें वचनहि देतां येत नाहीं. थकलेल्यास रात्रीपुरती जागा मात्र देतां येते, आणि त्याच्या हातांस पेलेल असें कांहीं सोंपवितां येतें. तेवढ्यानें तो सकाळपर्यंत टिकतो.

डिसेंबरची सुटी लागली म्हणजे आमच्या वसतिगृहांत चार-दोन विद्यार्थी मागें राहतात. कोणाला घरच नसतें, कोणापाशीं घरीं जाण्यापुरतें भाडें नसतें. प्रत्येक गल्लींत एखादी एकाकी वृद्धा असते, नुकतेंच कोणी गमावलेलें एखादें घर असतें. वाचकांनीं आपला सण कोणताहि असो, त्या दिवशीं एक ताट जास्त मांडावें. आणि बोलावणें करतांना, बोललां नाहींत तरी चालेल, हें सांगण्यास विसरूं नये.