स्वतःचे यंत्र

नवे यंत्र विकत घेणे ही गोष्ट लग्न जुळविण्याइतकी गंभीर नव्हे. परंतु न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागात, रिचमंड हिल येथे राहणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी २०२५च्या हिवाळ्यात तीन आठवडे जी चर्चा चालली होती, ती एखाद्या पाहुण्याच्या कानी पडली असती, तर त्याला निश्चितच तसा संशय आला असता. स्थळे पाहिली जात होती आणि नाकारलीही जात होती. एक दिसावयास देखणे, पण अंगाने फार जड. दुसरे सडपातळ, पण लवकर थकणारे. तिसरे सर्व बाजूंनी उत्तम, पण देण्याघेण्याचे जमेना. ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता ते स्थळ म्हणजे एक लॅपटॉप, अर्थात मांडीवरचा संगणक होता.

गृहस्थ मूळचे मॉरिशसमधील कास्कावेलचे. त्यांचे खापरपणजोबा गिरमिटावर मुंबई बंदरातून त्या बेटावर गेले. तीन पिढ्या उसाच्या मळ्यांत गेल्या. चौथीने शाळामास्तरकी केली. आणि पाचवीतील हे गृहस्थ हिशेबनिसाचा अभ्यास करून न्यूयॉर्कला आले. दिवसा ते मॅनहॅटनमधील एका कचेरीत हिशेब पाहतात. जानेवारीपासून १५ एप्रिलपर्यंत संध्याकाळी ते शेजाऱ्यापाजाऱ्यांची प्राप्तिकराची पत्रके भरून देतात. हे शेजारी बहुतेक गयाना आणि त्रिनिदादमधून आलेले. त्यांचेही पूर्वज गिरमिटावरच गेलेले, फक्त त्यांची जहाजे बहुधा कलकत्त्याहून सुटलेली. घरात बोलणे क्रिओलमध्ये, बाहेर इंग्रजीत. मराठी देवापुढे, सणासुदीला आणि विशेषेकरून रागाच्या प्रसंगी. गणेशोत्सवाच्या सुमारास समाजाच्या पुस्तिकेतील मराठी पाने जुळवून देण्याचे कामही गेली काही वर्षे त्यांच्याकडेच आहे.

ही सारी कामे २०१६ साली घेतलेला एक लॅपटॉप निमूटपणे करीत असे. त्याच्या बिजागऱ्या सैल झाल्या होत्या, एका कळीवरचे अक्षर झिजून गेले होते, तरी तो चालत होता. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबविली. पुढची विंडोज ११ ही प्रणाली त्या जुन्या यंत्रावर चढेना. तिला हवी असलेली, गुप्त किल्ल्या सांभाळणारी नव्या जातीची सुरक्षा-व्यवस्था त्यात नव्हती, आणि त्याचा प्रोसेसरही मान्य यादीच्या बाहेरचा होता. यंत्र धडधाकट असून त्याला सेवानिवृत्त व्हावे लागले. एक वर्षाची वाढीव मुदत मिळण्यासारखी होती, परंतु गृहस्थांनी ती घेतली नाही. दुसऱ्यांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक ज्या पेटीत ठेवावयाचे, त्या पेटीच्या कुलपाविषयी मनात शंका असता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. आणि करपत्रके भरून देणाऱ्याने माहितीच्या सुरक्षिततेची लेखी योजना बाळगली पाहिजे असा अमेरिकन सरकारचा दंडकही आहे.

आता कोणी म्हणेल, की कचेरीने दिलेला चांगला नवा लॅपटॉप घरी असताना हा खर्च कशाला? त्यांच्या पत्नीने प्रथम हेच म्हटले. कचेरीचे यंत्र संध्याकाळी स्वस्थ पडून असे. कन्येने एकदा त्यावर बुद्धिबळाचा डावही मांडला होता. त्या रात्री गृहस्थांनी कपाटातील एक कागद काढून पुन्हा वाचला. न्यूयॉर्क राज्यात ७ मे २०२२पासून एक कायदा अमलात आहे. नोकरांच्या दूरध्वनीवर, पत्रव्यवहारावर किंवा संगणकाच्या वापरावर देखरेख करणाऱ्या खाजगी मालकाने तशी लेखी सूचना नव्या नोकरास दिली पाहिजे आणि तिच्या पोचेवर त्याची सही घेतली पाहिजे. गृहस्थांनी कचेरी बदलली तेव्हा त्यांच्यापुढेही असा कागद आला होता आणि इतर पंधरा कागदांबरोबर त्यांनी त्यावरही सही ठोकली होती. कोणत्याही वेळी, कोणत्याही कायदेशीर मार्गाने, यंत्रावर जे जे काही होईल ते पाहिले जाऊ शकेल, असा त्याचा आशय. वाचून झाल्यावर त्यांनी यंत्राचे झाकण मिटले आणि ते कचेरीच्या पिशवीत घातले. शनिवारी ते पिशवीबाहेर निघत नाही, असा नियम त्या दिवसापासून झाला.

मॉरिशसच्या मळ्यांवर मजूर एक दिवस गैरहजर राहिला, तर त्याचे दोन दिवसांचे वेतन कापले जाई. 'डबल कट' हा शब्द त्या बेटावरील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी कालपरवापर्यंत होता. १८६७च्या कायद्याने तर करार पुरा करून मोकळ्या झालेल्या माणसालाही आपले छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगणे भाग पडले. ते नसले म्हणजे रस्त्यावरून उचलून नेत. या जाचाविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जणांनी अर्ज केला, तेव्हा कोठे पुढच्या वर्षी चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. कचेरीच्या त्या सभ्य कागदाची या साऱ्याशी तुलना करणे हा पूर्वजांवर अन्याय होईल. कचेरी वेतन चांगले देते, सूचना उघडपणे देते, आणि यंत्र तिच्याच पैशाचे आहे. तरीही ज्या घराण्यात चार पिढ्यांपूर्वी सुटीचा दिवससुद्धा दुसऱ्याच्या वहीत मांडला जात होता, त्या घराण्यातील माणसाला आपल्या शनिवारची नोंद कोठेही होऊ नये असे वाटले, तर ते समजण्यासारखे आहे.

तेव्हा यंत्र घ्यावयाचे ठरले. कोणते, हा प्रश्न उरला. आणि खरी गंमत तेथेच होती.

कन्येचे वय तेरा. तिच्या मते खेळासाठी निराळे चित्रकार्ड असलेले यंत्रच हवे. दुकानात अशी यंत्रे एका वेगळ्या टेबलावर मांडलेली होती. त्यांच्या कळांखालून इंद्रधनुष्याचे रंग वाहत होते आणि दिवाळीतल्या दुकानासारखा तेथे झगमगाट होता. सोळा इंची पडदा, वजन जवळजवळ अडीच किलो, आणि विजेची वीट, म्हणजे चार्जर, वेगळीच. जोराचा खेळ सुरू केला की पंखे घोंगावू लागत. पत्नीने ते यंत्र दोन्ही हातांनी उचलून पाहिले आणि शुद्ध मराठीत विचारले, "अहो, याला मांडीवरचा म्हणतात ना? मग हा मांडीवर घेऊन बसायचे कसे?" विक्रेत्याला भाषा कळली नाही, पण अभिप्राय कळला असावा.

वास्तविक गृहस्थांनाही खेळाचे वावडे नाही. रोज रात्री जेवणानंतर बुद्धिबळाचा एक डाव, आणि शनिवारी सकाळी कन्येबरोबर माइनक्राफ्ट, एवढी त्यांची चैन. माइनक्राफ्ट म्हणजे चौकोनी विटांचे एक जग. त्यात खणावे, रचावे, मोडावे, पुन्हा रचावे. या खेळात कास्कावेलहून त्यांचा भाचाही सामील होतो. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ मॉरिशसच्या नऊ तास मागे असते, म्हणून येथे सकाळचे दहा वाजले की तेथे सायंकाळचे सात होतात. भाच्याचा अभ्यास संपलेला असतो, आजी दिवा लावून त्याच्या मागे येऊन बसते. तिला खेळातले काही कळत नाही. पण पडद्याच्या कोपऱ्यात लेक आणि नात दिसतात, तेवढे तिला पुरते.

कन्येची तक्रार अशी होती, की भाऊ वीट ठेवतो आणि ती आपल्याकडे उशिरा दिसते. तेव्हा मोठे चित्रकार्ड घ्यावे. येथे गृहस्थांमधील हिशेबनीस जागा झाला. त्यांनी कागदावर मांडून दाखविले. न्यूयॉर्क ते मॉरिशस अंतर सरळ मोजले तरी सुमारे १५ हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे नुसते जाऊन येण्यासच सेकंदाचा सुमारे सातवा भाग लागणार; शिवाय समुद्राखालच्या तारा सरळ रेषेत जात नाहीत आणि वाटेत थांबे असतात. दोन हजार डॉलर मोजले तरी मॉरिशस एक वीतभरही जवळ यावयाचे नाही. चित्रकार्ड चित्र रंगविते, टपाल आणीत नाही. कन्येने आकडेमोड दोनदा तपासली, आणि मग निरुपायाने मान्य केली.

शेवटी जे यंत्र पसंत पडले ते दिसावयास अगदी बेताचे, राखी रंगाचे होते. चौदा इंची पडदा. वजन दीड किलोच्या आत. स्मृती, जिला सारे जग रॅम म्हणते, ती १६ जीबी. साठवण १ टीबी. चित्रांचे काम प्रोसेसरमधल्याच अंगभूत भागाकडे. बुद्धिबळाला आणि माइनक्राफ्टला एवढे पुष्कळ होते, आणि करपत्रकांना तर त्याहून कमी पुरले असते. आठ जीबीचे यंत्र दीडशे डॉलरने स्वस्त होते. पण त्यातील रॅम मूळ पाटीवरच डाक लावून बसविलेली, म्हणजे मागाहून वाढविण्याची सोय नाही, हे कळल्यावर तो मोह सुटला. किंमत ९०० डॉलर; त्यावर न्यूयॉर्क शहराचा ८.८७५ टक्के विक्रीकर धरून ९७९ डॉलर ८८ सेंट झाले. पावती त्यांनी घडी घालून करपत्रकांच्या फाइलीत ठेवली, कारण संध्याकाळच्या धंद्यासाठी जितका वापर होईल तितका भाग खर्चात दाखविता येतो. खेळाचा भाग मात्र त्यांनी प्रामाणिकपणे वगळला.

उणिवा वापरताना दिसू लागल्या. चौदा इंचांत आकड्यांच्या कळांचा वेगळा ठोकळा बसत नाही, आणि हिशेबनिसाला त्याच्यावाचून उजवा हात तुटल्यासारखे होते; तो निराळा आणून जोडावा लागला. अमेरिकेत मिळणाऱ्या यंत्राच्या कळांवर देवनागरी अक्षरे नसतात, हे तर जुनेच दुखणे. पण विंडोजमध्ये मराठीची सोय अंगचीच आहे, आणि भारत सरकारने १९८६ साली ठरविलेली इन्स्क्रिप्ट रचना एकदा बोटांत बसली की कळांकडे पाहण्याची गरजच उरत नाही. 'एन' या कळीवर ल आहे; शिफ्ट दाबून तीच कळ मारली की ळ उमटतो. ज्या अक्षरासाठी कित्येक परप्रांतीयांची जीभ वळत नाही, ते एवढ्या सहज उमटताना पाहून गृहस्थांना अजूनही समाधान वाटते. कन्येला त्यांनी पहिली कळ हीच शिकविली.

जुन्या यंत्रातील सामान नव्यात हलविण्यास एक सबंध रविवार गेला. करपत्रके, फोटो, समाजाच्या पुस्तिकांची जुनी पाने. आणि सर्वांत शेवटी एक लहानशी फाइल. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरातून मिळविलेली खापरपणजोबांची नोंद तीत आहे. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, आणि गाव. गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. पण कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे रोमन अक्षरांत उतरवून ठेवलेले, त्यामुळे ते आज तीन निरनिराळ्या गावांना लागू पडते. त्यांतले आपले कोणते, हे ठरविण्याचा उद्योग गृहस्थ अधूनमधून करीत असतात. ही फाइल त्यांनी नव्या यंत्रात ठेवलीच, शिवाय एका सुट्या डिस्कवर एक आणि कास्कावेलला बहिणीकडे एक अशा तिच्या आणखी दोन प्रती केल्या. एकाच पेटीवर भिस्त ठेवू नये, एवढे शहाणपण जुन्या यंत्राने जाता जाता दिले होते.

नव्या यंत्रातील साठवण आपोआप कुलूपबंद होते, आणि कधी काळी कुलूप अडलेच तर उघडण्यासाठी ४८ अंकांची एक किल्ली असते. ती कागदावर उतरवून ठेवावी हे उत्तम. ज्यांनी ठेवली नाही, त्यांचे सामान यंत्र धडधाकट असूनही कायमचे आत राहिल्याची उदाहरणे आहेत. गृहस्थांनी अंक वाचले आणि कन्येने लिहून घेतले. लिहिता लिहिता तिने विचारले, "बाबा, खापरपणजोबांच्या कागदावर पण नंबर आहे ना? तो तर सहाच आकड्यांचा आहे." गृहस्थ हो म्हणाले. मग दोघांनी किल्लीचे अंक एकदा पुन्हा पडताळून पाहिले आणि कागद पासपोर्टांच्या पाकिटात ठेवला.

सध्या शनिवारच्या खेळात पोर्ट लुईचा आप्रवासी घाट बांधण्याचे काम चालू आहे. बंदरावर उतरलेले मजूर ज्या दगडी पायऱ्यांनी वर चढले, त्यांची जागा २००६ साली जागतिक वारशात गणली गेली. भाचा शाळेच्या सहलीत ती पाहून आला आहे, म्हणून मुकादमी त्याच्याकडे. पायऱ्या सोळा आहेत. कन्येने घाईघाईत चौदाच रचल्या होत्या. भाच्याने मोजून चूक दाखविली, तेव्हा त्याचे शब्द नेहमीप्रमाणे किंचित उशिरा येऊन पोचले. तोवर तिने वरचा कठडाही बांधून टाकला होता. मग कठडा मोडावा लागला. आजी मागून म्हणाली, की असू द्या, सावकाश करा. आणि गृहस्थांनी घड्याळाकडे न पाहता दुसऱ्यांदा चहा ठेवावयास सांगितले.