पस्तीतली ‘स्त्री’

पस्तीवाल्याच्या, म्हणजे रद्दीवाल्याच्या, दुकानात बायकांच्या मासिकांना वेगळा भाव नसतो. वर्तमानपत्रं एका दराने जातात, वह्या-पुस्तकं दुसऱ्या दराने, आणि जुनी मासिकं त्या दुसऱ्या ढिगात कुठेतरी दबलेली असतात. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आम्ही खानदेशी माणसं मोठ्या संख्येने राहतो. नंदुरबार, धुळे, अमळनेरहून तापी खोऱ्याच्या रेल्वेने येऊन इथल्या मागांवर आणि साड्यांच्या कामाला लागलेली ही वस्ती. त्यामुळे सुरतेच्या पस्तीत मराठी कागदही निघतो. मी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवत असे. वर्गातल्या तक्त्यांसाठी जुनी चित्रं हवीत म्हणून या दुकानांत जायची सवय लागली, आणि तिथेच ‘स्त्री’ मासिकाचे अंक पहिल्यांदा हाती आले. ते कापायला हात धजावला नाही. तेव्हापासून मी बायकांची जुनी मासिकं गोळा करते आहे.

‘स्त्री’ १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलं. त्याआधी १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ निघत होतं, ते किर्लोस्करांच्या कारखान्याचं घरगुती पत्र म्हणून. लोखंडी नांगर बनवणाऱ्या वसाहतीतून बायकांचं मासिक निघावं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. ‘स्त्री’ निघालं त्याच वर्षीच्या एप्रिलपासून शारदा कायदा अमलात आला होता आणि मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरलं होतं. म्हणजे या मासिकाच्या पहिल्या वाचकांत चौदाच्या आतच बोहल्यावर चढलेल्या कितीतरी जणी असणार. त्यांच्यासमोर दर महिन्याला विणकामाच्या नमुन्याशेजारी शिक्षणावरचा, घराबाहेरच्या नोकरीवरचा, नवऱ्याबरोबरच्या बरोबरीवरचा लेख येत होता. इतिहासाच्या पुस्तकात हा काळ मिठाच्या सत्याग्रहाचा आहे. या अंकांत तो घरातल्या घरात चाललेल्या बदलाचाही आहे, आणि तो मला कमी मोलाचा वाटत नाही.

नवा अंक हाती आला की मी आधी जाहिराती बघते. बालामृत, अमृतांजन, अफगाण स्नो, शिवणयंत्रं. घरात पैसा कशावर खर्च व्हायचा आणि कोणत्या भीतीवर माल विकला जायचा, हे लेखापेक्षा जाहिरातीतून लवकर कळतं. महायुद्धाच्या काळातले अंक हातात घेतल्याबरोबर ओळखू येतात, कारण कागदावर नियंत्रण होतं आणि पानं घटली होती.

हे अंक टिकवणं कष्टाचं काम आहे. सुरतेची हवा दमट. मासिकाच्या पाठीला मारलेल्या तारेच्या पिना गंजतात आणि गंज भोवतीचा कागद खातो. मी अंक पालथा ठेवून बोथट सुरीने पिनेची टोकं सरळ करते, पीन अलगद ओढून काढते आणि त्याच भोकांतून जाड सुती दोरा घालून अंक पुन्हा शिवते. सेलोटेप कधीच लावत नाही. काही वर्षांनी टेप गळून पडते आणि तिचा चिकट तपकिरी डाग अक्षरांवर राहतो. कसर लागू नये म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते. ठेवायला साड्यांचे खोके. या शहरात त्यांना तोटा नाही, आणि अंक त्यांत आडवे नीट बसतात.

माझ्या संग्रहातला सर्वांत मोलाचा भाग नानपुऱ्यातल्या एका काकूंनी दिला. त्यांच्या आई अमळनेरकडच्या, लग्न होऊन सुरतेला आलेल्या. ‘स्त्री’चे अंक त्या व्ही.पी.ने मागवत आणि एका पेटीत ठेवत. शेजार सगळा गुजराती, मराठी बोलायला दुपारी कोणी नाही. “आई अंक वाचायची नाही, अंकाशी बोलायची,” असं काकू म्हणाल्या. आणि ते समासात दिसतं. दुधाचा हिशेब आहे, लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण आहे, एका कथेखाली ‘असं होत नाही’ असा पेन्सिलीचा शेरा आहे. १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. त्या कायद्याविषयीच्या मजकुराला त्यांनी दोन रेघा मारल्यात आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, ‘म्हणजे आम्हा बहिणींनाही?’

या प्रश्नापुढे मी बराच वेळ थांबले होते. कायद्याने वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीत मुलीला मुलाबरोबर वारस केलं होतं. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच मुलासारखा हक्क मात्र २००५ च्या दुरुस्तीने आला. त्या आजींना माहेरच्या शेतात काही मिळालं का, असं मी काकूंना विचारलं. काकूंनी नकारार्थी मान हलवली आणि म्हणाल्या, “तिनं मागितलंच नाही.”

त्याच पेटीत ‘स्त्री’च्या दोन अंकांच्या मध्ये वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला एक पातळ अंक होता. आत र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’. १९२७ ते १९५३ अशी पंचवीसहून अधिक वर्षं कर्व्यांनी ते चालवलं, संततिनियमनावर उघड लिहिलं, त्यासाठी खटले भोगले. एका खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण सुरतेतल्या एका सासुरवाशिणीने तो अंक लपवून का होईना जपला, ही माहिती कुठल्याच पुस्तकात नाही. ती फक्त त्या पेटीत होती. काकूंनी अंक हातात धरला, कव्हर सरळ केलं आणि कव्हरासकट माझ्याकडे दिला. मी तो तसाच ठेवला आहे.

सुरतेत राहून फक्त मराठी अंक जमवणं अपुरं वाटू लागलं, म्हणून गुजरातीकडे वळले. गुजरातीत ‘स्त्रीबोध’ १८५७ सालीच मुंबईहून निघालं, आणि त्यात पारशी सुधारकांचा मोठा वाटा होता. अहमदाबादचं ‘सुंदरीसुबोध’ १९०३ चं. विद्यागौरी नीलकंठ आणि शारदा मेहता या दोघी सख्ख्या बहिणी १९०१ साली गुजरातच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या, आणि पुढे दोघींनी लिहिलं, संस्था चालवल्या. सुरतेचंही यात मोठं देणं आहे. १९०७ साली बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवा स्त्रियांनी इथे वनिता विश्राम ही स्त्रियांसाठीची संस्था सुरू केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन सुरतेत भरलं आणि उधळलं. टिळकांमुळे ते अधिवेशन प्रत्येक मराठी मुलाला शाळेत शिकवतात, मीही शिकवलं. वनिता विश्राम मात्र पाठ्यपुस्तकात नव्हतं. ते मी वर्गात माझ्या मनाने सांगायचे, आणि मुली कान देऊन ऐकायच्या.

सुधारणेच्या कामात मराठी-गुजराती असा भेद इथे पूर्वीपासून कमीच. १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर सुरतेत मानवधर्म सभा काढणारे दादोबा पांडुरंग म्हणजे आपले मराठी व्याकरणकारच.

या शहरातला असा बराच जुना कागद आता उरलेला नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग बुडाला. तळमजल्यांवरचा कागद गेला. घराघरांतून लगदा झालेली पुस्तकं रस्त्यावर काढली गेली. काकूंची पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. आमच्या ओळखीच्या एका गुजराती बाईंकडे त्यांच्या सासूने शिवून घेतलेले मासिकांचे खंड होते. ते कोठीत खाली होते. त्या सांगतात तेव्हा आजही सामानाच्या नुकसानीआधी त्या खंडांचं नाव घेतात.

या अंकांत कोण नाही, हेही मला दिसतं. माझ्या विद्यार्थिनींच्या आया घरी बसून साड्यांवर टिकल्या आणि लेस लावतात, नगावर पैसे घेतात. जुन्या मासिकांत भरतकाम आहे, पण ते हौसेचं. मजुरीने भरतकाम करणारी बाई तिथे लेखिका म्हणून जवळजवळ सापडत नाही. ‘बायजा’ १९७७ मध्ये आणि ‘मिळून साऱ्याजणी’ १९८९ मध्ये निघालं, तेव्हा दार अधिक उघडलं. ‘मिळून साऱ्याजणी’ काढणाऱ्या विद्या बाळांनी आधी ‘स्त्री’चं संपादन केलं होतं, त्यामुळे हा धागा तुटला नाही. तरीही कष्टकरी बाईचा शब्द मला छापील मासिकांपेक्षा महिला मंडळांच्या हस्तलिखित अंकांत जास्त मिळाला. उधन्यातल्या एका मंडळाचा असा अंक माझ्याकडे आहे. फुलस्केप कागद, रंगीत पेनांची नक्षी, आणि त्यात एकीने अहिराणीत लिहिलेला गावाहून सुरतेला येतानाचा प्रवास: बरोबर काय घेतलं, चाळीत पाणी किती वाजता यायचं, पहिला पगार कोणाच्या हातात गेला. शुद्धलेखन सुधारून घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून ते जसंच्या तसं राहिलं. माझ्या मते संग्रहातल्या कोणत्याही दिवाळी अंकाइतकाच तो जपण्यासारखा आहे, आणि त्याची दुसरी प्रत जगात नाही.

छापील अंकांची एखादी प्रत कुठल्या तरी ग्रंथालयात असेल. मंडळांचे, शाळांचे, वसतिगृहांचे अंक मात्र घरातून गेले की गेले. म्हणून वाचकांना विनंती आहे. आई-आजीची पेटी पस्तीला देण्याआधी एकदा उघडा. मासिकं असतील तर समास बघा, कव्हरं काढू नका, आत ठेवलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या करू नका. अंक कोणाचा, ती कुठून आली, किती शिकली, एवढं एका कागदावर लिहून अंकात ठेवा. आणि घरात जागा नसेल तर ते गावच्या वाचनालयाला द्या, किंवा माझ्यासारख्या कोणाला.