बिनभिंतीचं गोल्फ कोर्स

गोल्फ कोर्स म्हटलं की मला आधी भिंत आठवते. शाळेच्या वाटेवर लांबच लांब भिंत होती, वर काचा लावलेल्या. आतून कधीतरी बॉल बाहेर यायचा आणि आम्ही तो उचलून धूम ठोकायचो. आत काय आहे, ते फक्त वॉचमनला माहीत!

त्यामुळे स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला जाताना जाम टेन्शन होतं. गोल्फची पंढरीच ती. गावात रेल्वे स्टेशन नाही, एडिंबराहून ट्रेनने ल्युकर्सला उतरायचं आणि पुढे बस. पायात साधे स्पोर्ट्स शूज, अंगात फॅशन स्ट्रीटचं जॅकेट. म्हटलं, गेटवर अडवलं तर 'सॉरी' म्हणून परत फिरू.

पण गेटच सापडेना! गाव संपतं आणि गवत सुरू होतं, बस्स. एक डांबरी रस्ता तर चक्क पहिल्या आणि अठराव्या होलच्या फेअरवेमधून आरपार जातो. पोरंटोरं बादल्या-फावडी घेऊन बीचवर निघालेली, आणि खेळणारे थांबून त्यांना वाट देतात.

समोरची दगडी बिल्डिंग 'रॉयल अँड एन्शंट' क्लबची. क्लब प्रायव्हेट, इतका की बायकांना मेंबर करून घ्यायचं त्यांनी २०१४ मध्ये ठरवलं. पण खरा फंडा पुढे आहे. जमीन क्लबची नाहीच! १७९७ मध्ये कर्जबाजारी गावाने ती विकली. नव्या मालकांनी तिथे ससे पाळले, सशांनी मैदानभर बिळं केली आणि गोल्फवाले कोर्टात गेले. शेवटी १८९४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने जमीन पुन्हा गावाच्या हाती आली. आज एक ट्रस्ट इथली सात कोर्सेस सांभाळतो आणि ती सगळ्यांना खुली आहेत. अर्थात त्यातल्या जगप्रसिद्ध 'ओल्ड कोर्स'वर खेळायला बहुतेकांना लॉटरीत नाव घालावं लागतं, आणि माझ्यासारख्या नवशिक्यांचं तिथे काम नाही.

आपल्यासाठी शेजारी 'हिमालयाज' आहे! उंचवट्यांनी भरलेलं हे पटिंगचं मैदान बायकांच्या क्लबचं आहे, १८६७ पासूनचं. त्या काळी बाईने स्टिक खांद्याच्या वर नेणं सभ्य मानत नसत, म्हणून त्यांनी नुसतं पटिंगच धरलं. आता साधारण कॉफीच्या पैशांत कोणीही खेळू शकतं.

"मी मेंबर नाही," खिडकीवर मी आधीच सांगून टाकलं.

"बॉल कुठल्या रंगाचा देऊ?" आतल्या बाईंनी विचारलं.

चढावर मारलेला बॉल तीनदा माझ्याच पायाशी परत आला. मागे एक आजी नातवंडांना घेऊन थांबलेल्या, त्या मनसोक्त हसल्या. मग मीही.

दुसऱ्या दिवशी रविवार. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ बंद, आणि अख्खं गाव तिथे फिरायला. कुत्री, बाबागाड्या, हातात हात घातलेली जोडपी. वारा मात्र सॉलिड, जाणार असाल तर भर उन्हाळ्यातही विंडचीटर न्याच.

स्विल्कन ब्रिजवर फोटो काढून निघाले, तर गवतात एक बॉल दिसला. उचलला आणि सवयीने आधी वॉचमन कुठे आहे ते बघितलं. एक आजोबा कुत्र्याला घेऊन येत होते. मी बॉल त्यांच्यापुढे धरला, "तुमचा?"

"छे, मी खेळत नाही," ते म्हणाले. "मी इथे राहतो."