चेन्नई: जिथे संशोधन रस्त्यावर उतरतं

चेन्नईला गेलं की बहुतेक जण मरीना बीच पाहतात, मैलापूरच्या कपालीश्वराचं दर्शन घेतात आणि फिल्टर कॉफी पिऊन परततात. मी या वेळी यादीत एक वेगळं ठिकाण घातलं होतं: आयआयटी मद्रास आणि तिच्या शेजारचं रिसर्च पार्क.

कारण घरातलंच होतं. आजीचं कमरेचं हाड मोडलं तेव्हा आम्ही दुकानातून व्हीलचेअर आणली. ती इतकी रुंद होती की दोन्ही बाजूंना उशा खोचाव्या लागायच्या. आजीचे हात चाकांपर्यंत पोचत नसत. उंबऱ्यापर्यंत जायचं तरी तिला कुणाला तरी हाक मारावी लागे.

गिंडीच्या जंगलाला लागून असलेल्या या कॅम्पसमध्ये शिरलं की शहराचा गोंगाट मागे राहतो. वडाची मोठमोठी झाडं आणि सावलीत निवांत चरणारी चितळं. 1959 साली पश्चिम जर्मनीच्या मदतीने ही संस्था उभी राहिली.

इथल्या प्रा. सुजाता श्रीनिवासन यांचा गट दिव्यांगांसाठी साधनं तयार करतो. बसलेल्या माणसाला स्वतःच्या बळावर उभं राहता येईल अशी 'अराइज' व्हीलचेअर त्यांनी घडवली. पण एक नमुना चालला म्हणजे काम संपत नाही. हजारो खुर्च्या बनवायच्या, विकायच्या, दुरुस्त करायच्या, हे प्राध्यापकांचं काम नव्हे. त्यासाठी फिनिक्स मेडिकल सिस्टिम्स ही कंपनी सोबत आली आणि 2019 मध्ये 'अराइज' बाजारात उतरली. याच गटातून 'निओमोशन' ही कंपनीही निघाली. तिची 'निओफ्लाय' व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या मापाने बनते, अगदी शिंप्याकडे कपडे शिवतात तशी. तिला 'निओबोल्ट' हा मोटरचा भाग जोडला की तीच खुर्ची रस्त्यावर धावते.

असा कारखाना आणि प्रयोगशाळा यांचा मेळ एरवी योगायोगाने बसतो. तो ठरवून बसावा म्हणून 2010 मध्ये तरमणी भागात रिसर्च पार्क सुरू झालं. प्रा. अशोक झुनझुनवाला यांचा त्यात मोठा वाटा. बाहेरून पाहिलं तर नेहमीच्या ऑफिसच्या उंच इमारती. गंमत आहे ती इथल्या नियमात. कंपनीने नुसतं भाडं भरून भागत नाही, आयआयटीसोबत काम करून क्रेडिट्सही मिळवावे लागतात. विद्यार्थ्यांना काम द्या, प्राध्यापकांचा सल्ला घ्या किंवा संशोधनाला पैसे द्या. शेजारी राहायचं तर येणंजाणं हवंच! नव्या कंपन्यांना हात देणारं केंद्रही इथेच आहे. 'एथर' ही विजेवर चालणारी स्कूटर बनवणारी कंपनी आयआयटी मद्रासच्याच आधाराने उभी राहिली.

आजी आता नाही. परतीच्या वाटेवर मात्र सारखं वाटत होतं, तेव्हा आम्ही निदान टेप तरी काढायला हवी होती. तुमच्या घरी व्हीलचेअर घ्यायची वेळ आली, तर आधी बसलेल्या माणसाची कमरेची रुंदी, मांडीची लांबी आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घ्या. मगच दुकानात जा.