द्राक्षमळ्यांच्या वरच्या अंगाला

सोनोमा खोऱ्यात पाहुणे घेऊन जाणाऱ्या आम्हा बे एरियातल्या मराठी मंडळींचा रस्ता ठरलेला असतो. दोन वायनऱ्या, सोनोमा गावातला चौक, थोडं चीज, फोटो, की परत. मळ्यांच्या वरचे डोंगर फोटोत मागे येतात, तेवढेच. त्या डोंगरांवर तीन-चार मोठी पार्कं आहेत आणि बहुतेक ठिकाणी घोड्यावरून हिंडता येतं. माझं मत विचाराल तर टेस्टिंगची एक खेप गाळा आणि वर जा.

*

ग्लेन एलन गावाच्या वर लेखक जॅक लंडनची वाडी. 1905 पासून तो तुकड्यातुकड्याने जमीन घेत गेला, आता तिथे सुमारे 1,400 एकरांचं स्टेट पार्क आहे. त्याच्या आधी इथे कोलर अँड फ्रोलिंग यांची वायनरी होती. 1906 च्या भूकंपाने तिची पडझड झाली, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. जवळच चिनी मजुरांनी 1884 मध्ये बांधलेली शेरीची दगडी वखार. लंडनने तिचा तबेला केला आणि तिथे शायर जातीचे घोडे बांधले. शायर म्हणजे ओढकामाचं अवाढव्य इंग्रजी जनावर, पायांवर केसांची झुलपं. पिंपांच्या जागी गव्हाणी आल्या. दारूवर ‘जॉन बार्लीकॉर्न’सारखं उघडं आत्मकथन लिहिणाऱ्या माणसाने हे करावं, यात मला गंमत वाटते.

*

लंडनने हजारो निलगिरी लावल्या. इमारती लाकडाला भाव येईल हा हिशेब. लाकूड वाळताना वाकलं, तडकलं, हिशेब बुडाला. झाडं मात्र राहिली. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे बांधाबांधावर निलगिरी लावणाऱ्यांची आठवण होते. डुकरांसाठी मात्र त्याने गोलाकार दगडी वाडा बांधला, मध्ये खाद्याचं कोठार आणि भोवती घरं. तो आजही नीट उभा आहे. शेतकरी म्हणून त्याला वेड्यात काढणाऱ्यांनी आधी तो पाहावा.

बायको शार्मियन पक्की घोडेस्वार. बायकांनी दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचं, अशा त्या काळात ती पुरुषांसारखी मांड टाकून बसे.

*

घोडे भाड्याने देणारे बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी फोन करावा. फोनवर पहिला प्रश्न वजनाचा येतो. आपली माणसं इथे हमखास चार-पाच किलो दाबून सांगतात. सांगू नये, खोगीर आणि घोडा त्या आकड्यावर ठरतो.

खोगीर वेस्टर्न पद्धतीचं, पुढे मुठीसारखा उंचवटा. नवखा माणूस तोच गच्च धरून बसतो. लगाम एका हातात. तो मानेला डावीकडून टेकवला की घोडा उजवीकडे वळतो, ओढाओढ लागत नाही. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे रेलायचं, टाचा खाली. गाईड एवढंच सांगतो आणि निघतो. माथेरानला लगाम धरून पुढे चालणारा घोडेवाला इथे नाही, त्यामुळे पहिल्या उताराला पोटात गोळा येतो. आणि घोडा बघावा तर पुढच्या घोड्याच्या शेपटीला नाक लावून निवांत. दुडकी चाल वगैरे विसरा. चार पावलं चालून रस्त्याकडेचं गवत ओरबाडणं हाच त्याचा कार्यक्रम.

*

वाटेवर तीन पानांचं एक झुडूप सगळीकडे असतं, पॉयझन ओक. वसंतात तुकतुकीत हिरवं, उन्हाळ्याअखेर लालभडक. बिब्बा आणि आंबा यांच्याच कुळातलं. बिब्बा उतलेला ज्याने पाहिला आहे त्याला जास्त सांगायला नको. घोड्याला सहसा काही होत नाही, तो ते खुशाल खातो, त्यातून अंग घासत जातो. तेल त्याच्या अंगावर बसतं आणि उतरल्यावर आपण प्रेमाने त्याची मान थोपटतो! फुल पँट, आणि घरी पोचल्यावर आधी कपडे धुवायला, मग चहा.

*

ट्रेलवरच्या पाट्यांवर मान ठरलेला आहे. सायकलवाल्याने सर्वांना वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला. उताराच्या, म्हणजे खालच्या अंगाला उभं राहायचं आणि दोन शब्द बोलायचे. वर, झाडाआड, पाठीवर सॅक घेऊन गप्प उभा माणूस घोड्याला माणूस वाटत नाही, दबा धरलेलं काहीतरी वाटतं. मराठीत बोललं तरी चालतं.

*

सँटा रोझाजवळचं अ‍ॅनाडेल पार्क. वाटा अशा दगडाळ की सायकलवाल्यांचे दात खिळखिळे होतात. इथे बेसाल्टच्या खाणी होत्या. इटलीहून आलेले पाथरवट फरशीचे दगड घडवत आणि ते सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांना जात. भूकंपानंतर शहर पुन्हा उभारताना मागणी वाढली. मग मोटारी आल्या, त्यांना गुळगुळीत रस्ते हवे होते, आणि घोडागाड्यांबरोबर खाणीही बसल्या. आता त्या दगडांतून घोडे हौसेने फिरतात.

*

ऑक्टोबर 2017 च्या वणव्यात शुगरलोफ रिज या पार्कचा मोठा भाग जळाला. 2020 च्या सप्टेंबरात पुन्हा आग. पहिल्या आगीच्या वेळी लोकांनी ट्रेलर जोडून घोडे जत्रेच्या मैदानावर हलवले. आगीचा वास लागलेला घोडा ट्रेलरमध्ये चढायला तयार होत नाही, म्हणून इथले लोक एरवीच त्याला चढ-उताराची सवय लावून ठेवतात. 2020 ला धुराची चव द्राक्षांत उतरली आणि कित्येकांनी घड वेलीवरच सोडले.

त्याआधी 2011 मध्ये पैशांअभावी राज्याने 70 पार्कं बंद करायची यादी काढली. लंडनची वाडी आणि शुगरलोफ दोन्ही त्यात. 2012 पासून दोन्ही स्थानिक संस्था चालवतात. वाटा साफ करायला, पाट्या रंगवायला गावातलेच लोक येतात.

*

नाशिकचा इथे जुना संबंध आहे. सुला वायनरी उभी राहताना सल्ला द्यायला सोनोमाचेच वाइनमेकर केरी डॅम्स्की आले होते. वाइन आली, टेस्टिंग रूम आली, वीकेंडची गर्दी आली. घोड्याची वाट तेवढी आली नाही. डोंगर आहेत, गंगापूर धरणाचं पाणी आहे, तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरतो. घोडं पेंड कुठे खातं? माझ्या मते आखलेल्या, पाटी लावलेल्या, कुणीतरी सांभाळलेल्या पायवाटेपाशी. वायनरी एक मालक बांधू शकतो, पायवाटेला अख्खं गाव लागतं.

*

केव्हा जावं: फेब्रुवारीत मळ्यांच्या ओळींमध्ये मोहरी पिवळी फुललेली असते, वेली उघड्या. नाशिकला तेव्हा तोडणी चालू. मार्च-एप्रिलला डोंगर हिरवे, मेपासून पिवळे. इथली तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर, तेव्हा रस्त्यांवर ट्रक आणि हवेत आंबूस वास. घोडा सकाळी, वाइन दुपारी. उलट क्रमाने गेलात तर खोगिरावर बसवून घेणार नाहीत.