पान भरलं की पुढची तारीख

डोंबिवलीत ब्लाऊज शिवणाऱ्या बाईचं वर्ष पंचांगावर चालतं. दिवाळीच्या पहिल्या पहाटे तरुण मंडळी नवे कपडे घालून फडके रोडवर जमतात, म्हणून आदल्या रात्रीपर्यंत मशीन थांबत नाही. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई. मग पाडवा. नववर्ष स्वागतयात्रा १९९९ साली आमच्याच गावात सुरू झाली, त्यामुळे नऊवारीवरच्या ब्लाऊजची घाई इथे जरा जास्तच. हात मोकळे होतात ते पितृपक्षात, तेवढे पंधरा दिवस.

माझं दुकान छोटं: मी, एक मदतनीस, दोन मशिनी. गिऱ्हाईक बहुतेक नोकरी करणारं, म्हणजे लोकलमधून उतरून साडेसातनंतर येणारं. दिवसभर शिवायचं, संध्याकाळी मापं घ्यायची आणि शटर अर्धं ओढून पुन्हा मशीनवर बसायचं, असं बरीच वर्षं चाललं. मान आखडायची, रात्री कूस बदलताना कळ यायची. लोक मात्र कौतुक करायचे, ‘ताई, तुम्ही किती कष्ट करता!’ या कौतुकानेच आमच्यासारख्या बायांचं फार नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मार्ग सापडला तो घड्याळ लावून काम मोजलं तेव्हा. अस्तराचा साधा ब्लाऊज म्हटलं तरी अस्तर भिजवून वाळवून इस्त्री करायची, कटिंग, टक्स, बाह्या, गळ्याची पट्टी, मग हुक आणि हातशिलाई. माझा आणि मदतनीसाचा वेळ मिळून अडीच तास जातात. पायपिंग, पॅड, पाठीला दोरी आणि लटकन असलं की चार. शिवाय गळा किती खोल घ्यायचा याची चर्चा, मोबाइलवरचे फोटो पाहणं, हा वेळ कुणीच धरत नाही. आणखी एक गोष्ट दिसली. रात्री दहानंतर शिवलेलं बरंच काम अल्टरला परत यायचं. रेशमी कापडाची शिवण उसवली की सुईची भोकं दिसत राहतात, म्हणजे ते काम शिवण्यापेक्षा जिकिरीचं. रात्रीचे दोन तास वाचवायला गेलं की सकाळचे तीन जायचे.

मग मी वही बदलली. आधी गिऱ्हाइकाच्या नावाने पान असायचं, आता तारखेच्या नावाने आहे. एका पानावर सहाच ओळी. त्यातली एक अल्टरसाठी, एक अर्जंटसाठी कोरी ठेवायची. अर्जंटची शिलाई दीडपट. पान भरलं की पुढची तारीख.

पहिल्याच दसऱ्याला एक काकू आल्या. ‘अगं, साधाच तर आहे, परवा दे.’ मी वही त्यांच्यासमोर फिरवली. ‘काकू, परवाच्या पानावर जागा नाही. गुरुवारी संध्याकाळी नक्की देते.’ त्यांनी बोट ठेवून ओळी वाचल्या आणि गुरुवार लिहून घेतला. तोंडी ‘नाही’ म्हटलं की घासाघीस होते, लिहिलेलं पान दाखवलं की बहुतेक जणी मानतात. काही जणी दुसरीकडे गेल्याही. शिलाईचे दर वाढवले तेव्हा आणखी काही गेल्या. तरी महिन्याचा हिशेब घसरला नाही, कारण कमी दरात जास्त शिवण्याचा खटाटोप संपला.

दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं. पुण्याच्या दुपारच्या बंदवर विनोद करणाऱ्यांनी करावेत, माझं गिऱ्हाईक त्या वेळी ऑफिसात असतं. सोमवारी पूर्ण सुट्टी. १९४८ च्या दुकाने कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणं सक्तीचं होतं. २०१७ च्या कायद्याने रोज उघडं ठेवायची मुभा दिली. कामगाराची साप्ताहिक सुट्टी त्यात आहे, पण दुकानदाराला मशीनवरून उठ म्हणणारं आता कुणी उरलं नाही. तो सोमवार आपणच धरून ठेवावा लागतो, आणि लग्नसराईत तो धरणं सगळ्यात कठीण जातं. मी धरते. मदतनीस तर सोमवार आधीच मोजून ठेवते, तिच्या मुलीची शाळेची कामं त्याच दिवशी होतात.

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींनो, तारीख देण्याआधी तास मोजा. आणि शिवून घेणाऱ्यांनो, दिवाळीचं कापड घटस्थापनेपर्यंत शिंप्याकडे पोचवा. तेव्हा वहीत पानं रिकामी असतात.